दंडावरचं बीपी मशीन: आधी पट्ट्याचं माप बघा

वय २७, वजन १०४ किलो. रात्री कुशीवर वळलं की कानात ठोके ऐकू यायचे आणि झोप उडायची, म्हणून हे मशीन घेतलं. पहिल्याच दिवशी १५२/९६. हातपाय गार पडले.

घोळ पट्ट्याचा होता. सोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी, माझा दंड ३७. पट्टा लहान पडला की आकडा उगाच वर जातो. विकणाऱ्याने हे विचारायलाच हवं होतं, याचा मला खरंच राग आला. मोठा पट्टा वेगळा मागवला. आता पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसते, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजते. आठवड्याची सरासरी १२८/८२ आली. घरी मोजताना १३५/८५ पासून पुढे जास्त धरतात. डॉक्टरांनी माझी वही नीट वाचली, वजनाचंही शांतपणे बोलले.

मशीन चांगलं आहे, आकडे ठळक दिसतात. फक्त घाबरलेलं असताना लागोपाठ मोजू नका. एका रात्री मी सहादा मोजलं, दर वेळी आकडा चढतच गेला. तेव्हापासून रात्री ते आईच्या कपाटात असतं.