डमॅस्कसची नक्षी बघून सुरी घेतली आणि फसलो, तुम्ही घेताना हे बघा

घेऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि पात्यावरची नक्षी घासणीने पुसट व्हायला लागली, तेव्हा डोक्यात पहिल्यांदा शंका आली. परत करायची मुदत सात दिवसांची, म्हणजे तो विषय तिथेच संपला होता. निदान तुमचे पैसे तरी वाचावेत म्हणून सगळं लिहितोय.

जाहिरातीत होतं: जपानी व्हीजी-१० पोलाद, ६७ थरांचं डमॅस्कस (म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र जोडलेले, त्यांचीच नक्षी दिसते), हार्डनेस ६० ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप, आकडा जास्त तितकं पोलाद कडक). फोटोत पाण्यावर तरंग उठावेत तशी नक्षी, खाली ढीगभर रिव्ह्यू, आणि वर ऑफर संपायचं घड्याळ उलटं चाललेलं. मी आधी चार दिवस वाचून काढलं होतं, व्हीजी-१० मध्ये साधारण १ टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम असतं, धार टिकते, गंजत नाही सहसा, हे सगळं माहीत होतं आणि नेमकं तेच नडलं, कारण नाव ओळखीचं दिसलं की आपण पुढे काही तपासतच नाही.

आली तेव्हा धार एकदम जबरदस्त, कागद धरला आणि सर्रकन दोन तुकडे. पण नव्या सुरीच्या धारेवर जाऊ नका हो. कसलंही पोलाद कारखान्यात चाकावर लावून वस्तऱ्यासारखं करता येतं, ते किती दिवस तसं राहतं तिथे खरा फरक कळतो. दहाव्या दिवशी तोच कागद कापायच्या ऐवजी फाटायला लागला. दगडावर लावली, दोन दिवस बरी चालली, परत तेच. मग दिव्याखाली पातं उलटं धरून बघितलं तर धारेवर एका जागी केसाएवढी चमकणारी रेघ दिसली, नख हळूच फिरवलं तर तिथे अडकत होतं. धार दुमडली होती. ६० च्या वरचं पोलाद सहसा असं दुमडत नाही, चुकीचं वापरलं तर त्याचा बारीक टवका उडतो. दुमडतं ते मऊ पोलाद.

ओळखीत एकजण हौसेने सुऱ्या बनवतो, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्याने आधी धारेकडे बोट दाखवलं. खऱ्या थरांच्या सुरीत मधे कडक पोलादाचा गाभा असतो आणि दोन्ही बाजूंना मऊ थर, त्यामुळे धारेच्या जरा वर थर संपतात तिथे एक वेडीवाकडी सीमा दिसते आणि खाली साधं, नक्षी नसलेलं पोलाद असतं. माझ्या सुरीची नक्षी थेट धारेपर्यंत उतरली होती. मग त्याने पॉलिश पेपरने दोनेक इंच जागा घासून साफ केली आणि फेरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे धातू खाणाऱ्या ॲसिडसारख्या द्रावणात, बुडवली. खरे थर असते तर नक्षी परत वर आली असती, कारण प्रत्येक पोलाद ॲसिडला वेगळं काळं पडतं. माझं पातं सगळं एकसारखं करडं झालं. म्हणजे नक्षी वरून लेझरने काढलेली! शेवटी हार्डनेस तपासायच्या कानशी काढल्या, त्यातल्या ५० वालीने सहज ओरखडा उठला. ६० कुठलं, पोलाद ५० च्याही खाली होतं.

विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर काय, तुम्ही कडक बोर्डवर वापरली असेल. मग मी रिव्ह्यूमधले फोटो नीट बघत बसलो. माझ्या सुरीवर मुठीजवळ डोळ्यासारखा एक आकार आहे, तो पात्याच्या दोन्ही बाजूंना आणि इतर लोकांच्या प्रत्येक फोटोत बरोब्बर त्याच जागी होता. खऱ्या डमॅस्कसची दोन पाती अशी तंतोतंत सारखी निघत नाहीत, हे मला घ्यायच्या आधी बघता आलं असतं.

आता कमी बजेटमध्ये घेत असाल तर पोलादाचं नाव वाचायला शिका, अवघड नाहीये. चिनी नावात पहिला आकडा कार्बनचा असतो (कार्बन जास्त तर पोलाद जास्त कडक करता येतं), ३सीआर१३ म्हणजे ०.३ टक्के आणि १३ टक्के क्रोमियम, ते मऊच राहणार. ५सीआर१५ ठीक, ८सीआर१३एमओव्ही ०.८ टक्के, कमी पैशात खरंच चांगलं. जर्मन एक्स५०सीआरएमओव्ही१५ मध्ये ०.५ टक्के, धार लवकर जाते पण लावायला सोपी, रोजच्या वापराला मला तेच आवडतं. नुसतं '४४०' लिहिलं असेल तर विचारा ए की सी, कारण ए मध्ये कार्बन साधारण ०.६ ते ०.७५ आणि सी मध्ये ०.९५ ते १.२. 'सर्जिकल स्टील' म्हणजे काहीच सांगितलेलं नाही, त्या शब्दाला एकच ठरलेली व्याख्या नाही. लोहचुंबक लावून दाखवणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका, साधं ४२० आणि व्हीजी-१० दोन्ही सारखंच चिकटतं.

आणि नाव खरं असलं तरी पोलादाला पाणी नीट पाजलेलं नसेल तर उपयोग शून्य. म्हणून मी आता बनवणारा कोण, हे आधी बघतो. स्वीडिश १४सी२८एन पोलादाची साधी, बिननक्षीची सुरी घेतली, कार्बन फक्त ०.६ च्या आसपास, पण दोन महिने झाले तरी कागद सरळ कापते.

मागच्या आठवड्यात ती जुनी सुरी परत दिसली विकायला. दुकानाचं नाव वेगळं, पोलाद आता 'डी२' म्हणे, आणि मुठीजवळ तो डोळा त्याच जागी.