घरचा साबण आणि दप्तरातल्या वस्तू : शाळेच्या एका सत्राच्या वापरानंतर

मुलांना भेट म्हणून घरी केलेला साबण आणि जोडीला पर्यावरणपूरक म्हणवणाऱ्या शाळेच्या वस्तू, असा संच नवाकोरा असताना छानच दिसतो. पण साबण रोज ओला होतो, पेन्सिल रोज चावली जाते, खोडरबर कंपासपेटीत दाबलं जातं, बाटलीचं झाकण दिवसातून कितीदा तरी उघडतं. त्यामुळे संच कसा निघाला हे सत्र संपत आल्यावरच कळतं. वापरातून ठाम झालेलं मत हे, की वेष्टनावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा वस्तूत काय काय घातलेलं नाही ते आधी बघावं. साबणात वास, रंग, खेळणी नाहीत. खोडरबरात पीव्हीसी हे प्लास्टिक नाही. पेन्सिलीवर रंग नाही. अशाच वस्तू शेवटपर्यंत नीट चालल्या.

आधी साबण. घरी तो दोन रीतींनी होतो: तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतायचा, नाहीतर तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून मुळातून करायचा.

बेसचा साबण सोपा, आणि मोठं माणूस शेजारी असेल तर मुलंही त्यात हात घालू शकतात. बारीक तुकडे करून पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवायचे आणि तापमान 55 ते 60 अंशांच्या आसपास राखायचं. उकळी आली तर बेस पिवळट पडतो, पाणी उडून जातं आणि वडी चिवट होते. वरचे बुडबुडे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फवाऱ्यानं लगेच बसतात. फवारताना जवळपास आच नको. खरी अडचण नंतर येते. बेसमधलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दमट हवेत वडीवर घामासारखे थेंब जमतात. नुसता कागदी पट्टा गुंडाळलेल्या वड्यांचं वेष्टन भिजून चिकटतं. वडी गार होऊन साच्यातून निघाली की त्याच दिवशी हवाबंद गुंडाळायची, कागद त्यावरून लावायचा. वापरातही हा साबण लवकर झिजतो.

बेसमध्ये ताजा रस, दूध, फळाचा गर किंवा ओल्या पाकळ्या घालू नयेत. सुरुवातीला सुंदर दिसतात, मग तपकिरी होतात आणि पुढे बुरशी धरतात. वाळवून बारीक दळलेली ओटची पूड 500 ग्रॅम बेसला एक चहाचा चमचा, इतपत चालते. पाकळ्यांत कॅलेंड्युलाचा पिवळा रंग टिकतो, गुलाब आणि लॅव्हेंडर तपकिरी होतात. खाण्याचा रंग एका थरातून दुसऱ्यात उतरतो. अभ्रकाची पूड जागच्या जागी राहते.

साबणात खेळणं बुडवून देण्याची कल्पना मात्र कायमची बाजूला ठेवावी. मूल ते नखानं उकरून काढतंच. वडी फुटते आणि ती छोटी वस्तू घरातल्या तान्ह्या भावंडाच्या हाती लागते. केक, चॉकलेट, फळ यांच्या आकाराचा, तसाच वास येणारा साबणही नको. खाद्यपदार्थासारख्या दिसणाऱ्या धोकादायक वस्तूंबद्दल युरोपात 1987 ते 2024 स्वतंत्र निर्देश होता, कारण लहान मूल ती वस्तू सरळ तोंडात घालतं.

सत्रभर खऱ्या अर्थानं टिकला तो मुळातून केलेला, कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे आचेवर न शिजवलेला साबण. हे काम संपूर्णपणे मोठ्या माणसांचं. मुलं त्या खोलीतसुद्धा नकोत. मुलांच्या हातांसाठी चांगली ठरलेली मापं अशी: ऑलिव्ह तेल 325 ग्रॅम, खोबरेल 125 ग्रॅम, एरंडेल 50 ग्रॅम, कॉस्टिक सोडा 69 ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर 138 ग्रॅम. यात साधारण 6 टक्के तेल साबणात न बदलता शिल्लक राहतं, आणि तेच हाताला मऊपणा देतं. खोबरेल 25 टक्क्यांवर ठेवण्यामागे कारण आहे. त्यानं फेस भरपूर येतो आणि वडी कडक होते, पण प्रमाण वाढलं की त्वचेवरचं स्वतःचं तेलही धुऊन जातं आणि दिवसातून अनेकदा हात धुणाऱ्या मुलांची बोटं कोरडी पडतात. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो (एक ग्रॅम खोबरेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, ऑलिव्हला 0.135, एरंडेलाला 0.128), म्हणून तेल बदललं की सोड्याचा हिशेब नव्यानं करावाच लागतो. मोजमाप सगळं वजनात. कप आणि मिलिलिटर इथे चालत नाहीत.

सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं हवं. ॲल्युमिनियमशी सोड्याची झटापट होऊन हायड्रोजन सुटतो. काच हळूहळू झिजून एखाद्या दिवशी तडकते. चष्मा, हातमोजे आणि उघडी खिडकी यांत सवलत नाही, कारण द्रावण उकळीच्या जवळ जाऊ शकतं आणि वाफ घशाला लागते. अंगावर उडालं तर भरपूर वाहत्या पाण्यानं बराच वेळ धुवायचं. त्यावर व्हिनेगर ओतण्याचा सल्ला ऐकू नये. तसं केल्यानं जागेवरच आणखी उष्णता तयार होते.

द्रावण आणि तेल दोन्ही 40 अंशांच्या आसपास आली की एकत्र करून हँड ब्लेंडर थांबून थांबून चालवायचा. मिश्रणावर टाकलेली धार क्षणभर वर दिसत राहिली की ट्रेस, म्हणजे तेल आणि द्रावण एकजीव झाल्याची खूण, आला. इथे एक फसगत होते: तेल फार गार असेल तर खोबरेल गोठून मिश्रण दाट वाटतं, तोच ट्रेस समजून ओतलं जातं, आणि साच्यात नंतर तेल आणि सोड्याचं पाणी वेगळं होतं. शंका आली तर मिश्रण किंचित कोमट करून पुन्हा फिरवावं. एक-दोन दिवसांनी, अजून हातमोजे घालूनच, साच्यातून काढायचं, कापायचं आणि वड्या हवेशीर जागी अंतर सोडून उभ्या ठेवायच्या. वर पांढरी भुकटी धरली तर ती सोड्याची हवेतल्या कार्बन डाय ऑक्साइडशी झालेली क्रिया. ओल्या फडक्यानं पुसली की जाते.

ऑलिव्ह जास्त असल्यामुळे मुरायला चार आठवडे पुरत नाहीत, सहा ते आठ धरावेत. एका वडीचं वजन दर आठवड्याला टिपून ठेवावं. घट थांबत आली की साबण मुरला. चव-चाचणी जुनी आहे, पण विश्वासाची: ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला किंचित लावायचं. बॅटरीला जीभ लावल्यासारखा चटका बसला तर मोकळा सोडा उरलेला आहे, आणि ती वडी मुलांना द्यायची नाही.

कोणी ‘पीएच 5.5’चा घरगुती साबण देत असेल तर ते विधान बाजूला ठेवावं. तेल-सोड्याचा खरा साबण 9 ते 10 च्या आसपासच असतो. आम्ल घालून खाली आणला तर त्याची मेदाम्लं सुटी होतात आणि साबण साबण राहत नाही. तो डोळ्यांत झोंबणार, हेही मुलांना सांगून ठेवावं.

वासाबद्दल मत स्पष्ट आहे: मुलांच्या साबणात तो नसावा. द्यायचाच झाला तर लॅव्हेंडरचं सुगंधी तेल, साबणातल्या तेलांच्या वजनाच्या अर्ध्या ते एक टक्का, म्हणजे वरच्या मापाला अडीच ते पाच ग्रॅम. दालचिनी आणि लवंगेचं तेल त्वचेला टोचतं, शिवाय मिश्रण साच्यात जायच्या आत घट्ट करून टाकतं. लिंबूवर्गीय वास काही आठवड्यांत उडतो. बदामासारख्या कठीण कवचाच्या फळांची तेलं वापरली असतील तर ती चिठ्ठीवर लिहायलाच हवीत. कुठल्या मुलाला काय सोसत नाही हे भेट देणाऱ्याला ठाऊक नसतं. चिठ्ठीवर सगळे घटक आणि कापल्याची तारीख, एवढं पुरे.

काही महिन्यांनी एखाद्या वडीवर नारिंगी ठिपके उठतात आणि जुन्या तेलाचा वास येतो. शिल्लक तेल खवट झाल्याची ही खूण. नळाच्या पाण्यातलं लोखंड, गंजलेली जाळी आणि गरजेपेक्षा जास्त सोडलेलं तेल, ही मुख्य कारणं. म्हणूनच डिस्टिल्ड वॉटर, जाळीवर कागद आणि तेलाची शिल्लक 5-6 टक्क्यांतच. ठिपक्यांची वडी धोक्याची नसते, पण मुलं तिला हात लावत नाहीत. फडकी धुवायला वापरावी.

वडीचा आकार दुर्लक्षून चालत नाही. 100 ग्रॅमची वडी लहान मुठीत मावत नाही, घसरून पडते. 40 ते 50 ग्रॅमची गोलसर कडांची वडी आणि खाली पाणी निथळेल अशी जाळी, इतकं केलं की साबण दुपटीनं चालल्यासारखा वाटतो.

आता दप्तर. सगळ्यांत मोठा फरक दिसला तो खोडरबरात. मऊ, पांढरं, छान पुसणारं खोडरबर बहुधा पीव्हीसीचं असतं आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेला असतो. वेष्टन काढलेलं असं खोडरबर कंपासपेटीत पारदर्शक पट्टीला टेकून काही आठवडे राहू द्या. पट्टीचा तेवढा भाग मऊ पडतो, खोडरबर उचकटताना चिकट तारा सुटतात, पट्टीवर उथळ खड्डा राहतो आणि खोडरबराच्या पोटावर पट्टीचे आकडे उलटे उमटलेले दिसतात. प्लास्टिसायझर बाहेर येऊन पट्टीत शिरतो तो असा. खोडरबराभोवती कागदी पट्टा असतो तो काही अंशी याचसाठी. हेच खोडरबर मूल चावतं. त्याऐवजी ‘पीव्हीसीविरहित’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्यावं. नैसर्गिक रबराचं खोडरबर पहिले काही महिने उत्तम पुसतं, पण हवेनं आणि उजेडानं वरचा थर कडक होऊन कागदावर काळा फराटा उमटतो. रफ कागदावर घासून थर काढला की पुन्हा चालतं. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते देऊ नये.

पेन्सिलींत साधी, रंग न दिलेली लाकडी पेन्सिल पहिली. हाताच्या मळानं ती काळवंडते, बिघडत काहीच नाही. आतलं ‘शिसं’ ग्रॅफाइट आणि मातीचं असतं. काळजी असते ती वरच्या रंगाची. रंगीत घ्यायची तर ‘ईएन 71-3’ (खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) असा उल्लेख शोधावा. त्या चाचणीत खरं, धातूचं शिसं, कॅडमियम अशी 19 मूलद्रव्यं वस्तूतून किती सुटतात ते मोजतात. ‘एएसटीएम डी-4236’ या अमेरिकी मानकाच्या खुणेचा अर्थ वेगळा आहे: दीर्घकालीन अपायाच्या दृष्टीनं वस्तू तपासून तिच्यावर योग्य ती सूचना लिहिली आहे, एवढंच. त्या खुणेसोबत धोक्याची सूचनाही असू शकते, म्हणून सगळं वाचावं.

वर्तमानपत्राच्या कागदाच्या पेन्सिली धारदार पातं असेल तरच चालतात. बोथट शार्पनरमध्ये कागदाचे थर फाटत जातात आणि टोक हलायला लागतं. चावणाऱ्या मुलाच्या हातात तिचं मागचं टोक लगदा होतं. मागे बी असलेल्या पेन्सिलीची कुपी थुंकीनंही विरघळते आणि बी तोंडात येतं, त्यामुळे ती फक्त मोठ्या मुलांना.

मेणखडूंत मधमाशीच्या मेणाचे ठोकळे आकारामुळे मोडत नाहीत आणि उन्हात वाकतही नाहीत. मेण 62 अंशांच्या पुढेच वितळतं. पहिल्या रेघा फिक्या उमटतात, थोडं घासून ऊब आली की रंग येतो. टाल्क असलेले खडू टाळावेत. 2000 साली अमेरिकेत मेणखडूंत ॲस्बेस्टॉसचा अंश सापडला होता आणि तो टाल्कमधून आला होता. स्केचपेन पाण्यावर आधारित आणि बिनवासाचे. वासाचे पेन मुलं नाकाला लावतात, आणि मग तीच सवय सॉल्व्हंटच्या मार्करलाही लागते. टोपणाला वर भोक आहे का बघा. टोपण घशात अडकलं तरी थोडी हवा जात राहावी यासाठी ते असतं. ‘आयएसओ 11540’ हे मानक टोपणांच्या सुरक्षिततेसाठीच आहे.

वह्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुनर्वापरित कागद पेन्सिलीला आणि बॉलपेनला छान, शाईच्या पेनाला नाही, शाई पसरते. खाकी कागदाचं कव्हर कोपऱ्यांत फाटतं, तिथे आतून कापडी पट्टी लावली की सत्र निघतं.

डब्याच्या बाबतीत ‘बांबू फायबर’ या शब्दापासून जपावं. बऱ्याचदा तो बांबूची पूड मिसळलेला मेलामाइन प्लास्टिकचा डबा असतो, आणि गरम पदार्थात त्यातून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड उतरू शकतं. साधा 304 स्टीलचा डबा निवांत वापरता येतो.

बाटली स्टीलचीच, पण शक्यतो एकेरी भिंतीची. दुहेरी भिंतीच्या काही निर्वात बाटल्यांच्या तळाशी हवा काढलेलं छिद्र शिशाच्या डाखानं बंद करून त्यावर स्टीलची चकती बसवलेली असते. बाटली आपटून ती चकती निघाली तर डाख उघडा पडतो आणि मुलांची बोटं तिथे लागतात. अशी बाटली वापरातून काढावी. कुठल्याही बाटलीच्या झाकणातलं सिलिकॉनचं कडं आठवड्यातून एकदा चमच्याच्या मागच्या टोकानं काढून धुवायचं, पूर्ण वाळवूनच परत बसवायचं. काळी बुरशी कड्याच्या वर नसते, खालच्या खाचेत असते, आणि बाहेरून बाटली स्वच्छच दिसते. जाडसर कॅनव्हासचं दप्तर टिकाऊ, पण भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ घेतं; ओलं बंद करून ठेवलं तर आतल्या शिवणीला आधी वास धरतो, तेव्हा ते उलटं करून, कप्पे उघडे ठेवून वाळत घालायचं.