आठ महिन्यांच्या वापरानंतर: हॉट स्टेज आणि आखूड साखळ्यांचे पॉलिमर

ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर बसणारी हॉट स्टेज, म्हणजे नमुना पाहता पाहता तापवणारी-थंड करणारी बैठक, मी गेले आठ महिने जवळजवळ रोज वापरत आहे, आणि तिच्यावरचे माझे बहुतेक काम पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, या लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचे (पॉलिमरचे) आहे. घेताना ती किती अंशांपर्यंत तापते याचीच मी चौकशी केली होती. या कामासाठी तो आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरला. पीईजी ४०० (नावातला आकडा सरासरी रेणुभाराचा) खोलीच्या तापमानाला द्रवच असते, पीईजी १००० साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसला वितळते, पीईजी ६००० सुमारे ६० अंशांना, आणि त्यापुढे रेणुभार कितीही वाढवला तरी द्रवणांक ७० च्या आसपासच अडतो. साखळी जितकी आखूड, तितके तिच्या टोकांचे प्रमाण जास्त. ही टोके स्फटिकाची रचना सैल करतात, म्हणून रेणुभारातल्या थोड्याशा फरकानेही द्रवणांक सरकतो. अशा ठिकाणी अर्ध्या अंशाची खात्री हवी असते.

ती खात्री यंत्राकडून आयती मिळाली नाही. तापमानाचा संवेदक धातूच्या ठोकळ्यात बसवलेला आहे आणि नमुना काचपट्टीवर असतो, त्यामुळे मिनिटाला १० अंशांनी तापवले की पडद्यावरचा आकडा नमुन्याच्या पुढे जातो. पहिले दोन महिने माझे द्रवणांक दीड अंशाने जास्त येत होते आणि मी नमुन्याच्या शुद्धतेवर संशय घेत होते. अखेर आयकोसेन (सुमारे ३६.६ अंश) आणि नॅप्थलीन (८०.२ अंश) यांवर अंशांकन केले, म्हणजे यंत्राचा आकडा या ज्ञात द्रवणांकांशी ताडून पाहिला, तेव्हा चूक कुठे होती ते कळले.

वेग कमी ठेवला की प्रश्न मिटेल, असे मला तेव्हा वाटले होते. पीईजी ६००० ने तो समज मोडला. या पॉलिमरची पूर्ण ताणलेली साखळी सुमारे ३८ नॅनोमीटर लांब असते. गोठताना ती तशीच सरळ राहू शकते किंवा मधोमध एकदा दुमडू शकते, आणि दुमडलेल्या साखळ्यांचा पातळ स्फटिक काही अंश आधी वितळतो. पॉलिमरचे संशोधक कोवाक्स यांनी १९७० च्या दशकात हे तपशिलाने दाखवले आहे. मी एक नमुना ४५ अंशांना गोठवला. काळ्या फुल्या मिरवणाऱ्या गोलाकार स्फटिकांनी दृष्टिक्षेत्र पाहता पाहता भरून गेले. मग मिनिटाला १ अंशाने तापवत गेल्यावर काही भाग विझले, म्हणजे वितळले (ध्रुवित प्रकाशात स्फटिक उजळ दिसतो, द्रव काळा), आणि थोड्या वेळाने त्याच जागी पुन्हा स्फटिक होऊन उजळले. दुमडलेल्या साखळ्यांना सरळ व्हायला मी स्वतःच वेळ दिला होता! मिनिटाला १० अंशांनी तापवताना हे पुन्हा उजळणे दिसले नाही. म्हणून आता मी प्रत्येक वेगासाठी वेगळे अंशांकन ठेवते, आणि या यंत्राची खरी गुणवत्ता मला इथेच दिसते: दिलेला वेग ते शेवटपर्यंत काटेकोरपणे पाळते.

थंड करताना मात्र त्याचा तोल जातो. ७० अंशांवरून ५८ वर थांबायला सांगितले, तर ते आधी ५६.५ पर्यंत घसरते आणि मग सावरते. मोजमापाच्या दृष्टीने ही घसरण क्षणभराची आहे, पण तेवढ्यात जन्मलेली स्फटिककेंद्रे ५८ अंशांना वितळत नाहीत, वाढतच राहतात, आणि स्थिर तापमानाचा सारा प्रयोग वाया जातो. विक्रेत्याने हा दोष मान्य केला नाही. शेवटचे ३ अंश मिनिटाला २ अंशांनी उतरवले की घसरण जाणवण्याइतकी राहत नाही, हा उपाय मीच शोधला.

पीईजी हवेतली आर्द्रता ओढून घेते आणि पाण्यामुळे त्याचा द्रवणांक उतरतो, म्हणून कोरडा नायट्रोजन सोडायची नळी ही जादा सोय न मानता यंत्रासोबतच घ्यावी. पीईजी ६०० साठी तर ती हवीच. ते खोलीच्या तापमानाच्या जरा खालीच गोठते, त्यामुळे स्टेज थंड करावी लागते, आणि नायट्रोजन चालू नसला की स्टेजच्या खिडकीच्या काचेवर दव साचून नेमक्या त्या क्षणी काहीच दिसत नाही.