नेटवर्कबाहेरची थेरपी: न्यू जर्सीतला आठ महिन्यांचा अनुभव

बाबा गेले तेव्हा मी इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये होतो. व्हिसा स्टॅम्पिंगचा घोळ चालू होता, गेलो असतो तर परत येता येईल याची खात्री नव्हती. दहावा, तेरावा सगळं फोनवर बघितलं. पुढचे दोन महिने रोज पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. शेवटी जानेवारीत बायकोनेच थेरपीचं मनावर घ्यायला लावलं.

आधी नेटवर्कमधलंच, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं कोणी शोधलं. विमा कंपनीच्या यादीतल्या अकरा जणांना फोन लावले. चार नंबर बंद, सहा जण नवीन पेशंट घेत नव्हते. उरलेल्या एकाकडे गेलो, तर निम्मा वेळ तेराव्याला काय करतात हे इंग्रजीत समजावण्यात गेला. मग ओळखीतून मराठी बोलणाऱ्या थेरपिस्ट मिळाल्या. "जीव लागत नाही कशात" म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही. पण बाई कुठल्याच नेटवर्कमध्ये नाहीत. फी १८० डॉलर, दर आठवड्याला, व्हिडिओवर.

माझा विम्याचा प्लॅन पीपीओ प्रकारचा आहे, म्हणून नेटवर्कबाहेरच्या खर्चातला काही भाग परत मिळतो. एचएमओ प्रकारचा असेल तर नेटवर्कबाहेरचं बहुतेक वेळा काहीच मिळत नाही, विषयच संपतो. कंपनीला फोन केला तर म्हणाले, डिडक्टिबल, म्हणजे दर वर्षी आधी स्वतः भरायची रक्कम, १५०० डॉलर, नंतर साठ टक्के आम्ही देऊ. मी लगेच मनात मांडे खाल्ले: १८०चे साठ टक्के म्हणजे १०८! इथेच फसलो. साठ टक्के फीचे नसतात, कंपनी जी रक्कम मान्य करते तिचे असतात. माझ्या बाबतीत पहिल्या भेटीला १४० आणि पुढे दर भेटीला ११०. डिडक्टिबलमध्येही तेवढेच धरतात. तेरा भेटींनंतर माझ्या खिशातून २३४० गेले होते आणि कंपनीच्या हिशोबात १४६०. चौदाव्या भेटीनंतर पहिला चेक आला, ४२ डॉलरचा. बायको म्हणाली, फ्रेम करून लाव. आता दर भेटीचे ६६ येतात, ११४ माझे.

म्हणून फोनवर "मेंटल हेल्थ कव्हर आहे का?" एवढंच विचारून ठेवू नका. कोड सांगून मान्य रक्कम विचारा: पाऊण तासाच्या भेटीला ९०८३४, तासाभराच्या भेटीला ९०८३७. कॉलचा रेफरन्स नंबर लिहून घ्या.

महिनाअखेरीस बाई सुपरबिल देतात, म्हणजे क्लेमसाठी लागणारं तपशीलवार बिल. एकच पान: तारखा, कोड, त्यांचा एनपीआय (थेरपिस्टचा ओळख क्रमांक), टॅक्स आयडी, भरलेली फी आणि निदानाचा कोड. मार्चच्या बिलात हा शेवटचा राहून गेला. चारही क्लेम परत आले. पत्रात नुसतं 'माहिती अपुरी'. कुठली, ते शोधा तुम्ही. पन्नास मिनिटं होल्डवरची तीच धून ऐकल्यावर उलगडा झाला. दुरुस्त बिल डिडक्टिबलमध्ये धरलं जायला आणखी सहा आठवडे.

त्या कोडवरून सुरुवातीला मी अडलो होतो. माझा एफ४३.२३, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेताना आलेली चिंता आणि उदासी. बाई म्हणाल्या, "नको असेल तर नुसती पावती देते, पण मग क्लेम होणार नाही." बाप गेल्याचं दुःख विम्याच्या फाइलमध्ये आजार म्हणून नोंदवायचं? दोन दिवस घेतले आणि हो म्हणालो, कारण पैसे हवे होते. अजूनही बिलावर तो कोड दिसला की खटकतो.

थेरपीचं म्हणाल तर, बाबांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी मेसेज मी उघडतच नव्हतो. मे महिन्यात बाईंसमोरच पहिला लावला. अठरा सेकंद. "अरे, सिलेंडर आला एकदाचा. वेळ मिळाला की फोन कर." मागे कुकरची शिट्टी. बाई काही बोलल्या नाहीत. मी आधी हसलो, मग बराच वेळ रडलो. हल्ली पाचपर्यंत झोप लागते.

एक मोठी अडचण मात्र आधी कोणी सांगितली नव्हती. जूनमध्ये स्टॅम्पिंगची तारीख मिळाली आणि तीन आठवडे साताऱ्याला गेलो, तर सेशन बंद. पेशंट ज्या ठिकाणी बसलाय तिथला परवाना लागतो, बाईंचा न्यू जर्सीचा. बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो होतो तेव्हाच नेमकी त्यांची गरज होती.

सप्टेंबरपासून पंधरा दिवसांतून एकदा भेटतो. १ जानेवारीला डिडक्टिबल पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. नोव्हेंबरात ऑफिसमध्ये प्लॅन निवडायची वेळ येईल, तेव्हा या वेळी मान्य रक्कम आधी विचारणार आहे.