मॅजिक-स्ट्रिंग: काही महिन्यांच्या वापरानंतर

मॅजिक-स्ट्रिंग या कोडचा मजकूर बदलणाऱ्या लायब्ररीला जावास्क्रिप्ट कळत नाही. सीएसएस कळत नाही, कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हेही कळत नाही. तिला कळते ते एवढेच: या क्रमांकापासून त्या क्रमांकापर्यंतचा मजकूर काढा, तिथे हा दुसरा घाला, आणि शेवटी मूळचे काय कुठे गेले त्याचा नकाशा, म्हणजे सोर्स मॅप, द्या. काही महिने ती आमच्या बिल्डमध्ये (कोडपासून तयार ॲप बनवण्याच्या प्रक्रियेत) चालवल्यावर माझे मत असे बनले आहे की तिचे बहुतेक गुण या अडाणीपणातूनच आले आहेत, आणि डोक्याला होणारा तापही तिथूनच येतो.

लायब्ररी रिच हॅरिस यांची. रोलअप (कोडच्या फायली एकत्र बांधणारे साधन) आणि स्वेल्ट (वेब ॲप बनवण्याची चौकट) करणारे तेच. रोलअप, व्हीट हे बिल्डचे साधन, स्वेल्टचा आणि व्ह्यूचा कंपायलर अशा अनेकांच्या पोटात ती आहे, म्हणजे तुम्ही फ्रंटएंडचे काम करत असाल तर नोड मॉड्यूल्सच्या ढिगाऱ्यात ती बहुधा आधीच येऊन बसलेली असेल. एमआयटी परवाना, टाइपस्क्रिप्टचे टाइप सोबतच, आणि अवलंबून आहे ती सोर्स मॅपचे कोडिंग करणाऱ्या एका छोट्या पॅकेजवर. आवृत्ती अजून शून्य पॉइंट तीसच्या मालिकेत आहे. पुढचे शून्य पाहून कुणी बिचकत असेल तर बिचकू नये. ज्या गोष्टीवर अर्ध्या जगाची बिल्ड उभी आहे तिला प्रायोगिक म्हणण्यात अर्थ नाही.

आमचे काम साधे होते. ॲपच्या स्क्रीनवरचा सगळा मजकूर कोडमध्ये थेट मराठीत लिहिलेला: 'जतन करा', 'रद्द करा', 'पावती छापा'. पुढे हिंदी आणि इंग्रजीही हवी झाली. म्हणून व्हीटचा एक प्लगइन (त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लिहिला, जो बिल्डच्या वेळी अशी प्रत्येक स्ट्रिंग शोधतो आणि तिच्या जागी भाषांतराच्या फंक्शनची हाक टाकतो. शिवाय प्रॉडक्शनमध्ये एरर आली तर ती मूळ फाइलच्या नेमक्या ओळीवर दिसायला हवी होती.

रेगेक्सने (नमुन्यावरून मजकूर शोधून) हे करायला गेले की पहिला बदल होताच पुढच्या सगळ्या जागा सरकतात. मग फाइल शेवटाकडून सुरुवातीकडे बदलत यायचे, आणि इतके करून सोर्स मॅप मिळत नाही तो नाहीच. बेबल या कोड रूपांतराच्या साधनाने करायचे तर कोडचे झाड बनवा, झाड बदला, झाडावरून फाइल पुन्हा छापा. मॅप मिळतो, पण संपूर्ण फाइल नव्याने छापली जाते. रिकाम्या ओळी आणि कंसांची मांडणी हलते. बिल्डच्या आत हे चालून जाते. आम्हाला मात्र हेच रूपांतर काही जुन्या फायलींवर कायमचेही करायचे होते, आणि दोन शब्द बदलले म्हणून गिटच्या डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल लाल-हिरवी झाली तर ती तपासायला कोण बसणार? मांडणी जपून छापणारे रिकास्ट आहे, पण एवढ्याशा कामासाठी ते मला जड वाटले.

मॅजिक-स्ट्रिंगमध्ये तुम्ही दिलेली प्रत्येक जागा ही कायम मूळ मजकुरातलीच जागा असते. आधी कितीही बदल करा, ३४० म्हणजे मूळ फाइलमधला ३४०. जमिनीच्या गट नंबरासारखे आहे हे: पोटहिस्से कितीही पडोत, फेरफार कितीही होवोत, ओळख मूळ नंबरावरूनच पटते. आत ती मजकुराचे तुकडे एकमेकांना साखळीने जोडून ठेवते. बदल आला की त्या जागी तुकडा तोडते आणि तेवढाच बदलते. उरलेल्या तुकड्यांना हात लागत नाही, म्हणून त्यांचा मूळ पत्ताही शाबूत राहतो. पार्सरने (कोड वाचून त्याचे झाड बनवणाऱ्या साधनाने) दिलेली सुरुवात आणि शेवट उचलून थेट 'ओव्हरराइट' या मेथडला द्यायचे, क्रम कुठलाही. सरकलेल्या जागांचा हिशेब डोक्यात ठेवायचा नाही, हे सुख पहिल्याच दिवशी कळते.

डावे-उजवे प्रकरण मात्र पहिल्या दिवशी कळत नाही. मजकूर घुसवायला चार मेथड आहेत: अपेंडलेफ्ट, अपेंडराइट, प्रीपेंडलेफ्ट, प्रीपेंडराइट. कागदपत्रात प्रत्येकीला एक-दोन ओळी, आणि चौघींचे आउटपुट सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसते. कुठल्याही जागी दोन तुकडे भिडतात, डावा तिथे संपतो आणि उजवा तिथे सुरू होतो. 'लेफ्ट'वाल्या मेथड मजकूर डाव्या तुकड्याच्या शेपटीला बांधतात, 'राइट'वाल्या उजव्याच्या डोक्यावर ठेवतात. फरक कळतो तो त्यातला एक तुकडा हलवला, पुसला किंवा बदलला की. एखाद्या भागाच्या सुरुवातीला 'अपेंडराइट'ने काही घातले आणि नंतर तो भाग 'रिमूव्ह' केला, तर घातलेलेही त्याच्याबरोबर जाते. 'अपेंडलेफ्ट'ने घातले असते तर वाचले असते. 'ओव्हरराइट'चेही तसेच. त्या भागाला चिकटलेले सगळे ते पुसते, एररही देत नाही. चिकटलेले ठेवून फक्त मूळ अक्षरे बदलायची असतील तर 'अपडेट' वापरायचे. नवा कोड लिहिताना मी आता 'अपडेट'नेच सुरुवात करतो आणि 'ओव्हरराइट' मुद्दाम हवे तिथेच ठेवतो.

एकात एक वेष्टने, म्हणजे कोडभोवतीचे कंस वगैरे, घालायची असतील तर आणखी एक बाब आहे, जी मला कुठे सलग लिहिलेली सापडली नाही. झाड बाहेरून आत चालत असाल, म्हणजे बाहेरचा नोड (झाडाचा एक घटक) आधी आणि आतला नंतर, तर उघडणारा भाग 'अपेंडराइट'ने आणि मिटणारा 'प्रीपेंडलेफ्ट'ने घाला. आतून बाहेर येत असाल तर उघडणारा 'प्रीपेंडराइट'ने आणि मिटणारा 'अपेंडलेफ्ट'ने. दोन नोड एकाच जागी सुरू होत असले किंवा एकाच जागी संपत असले, तरी कंस बरोबर घरट्यात बसतात, आणि पुढे तो नोड हलवला तर वेष्टन त्याच्यासोबत जाते. उलटसुलट केले तर कंसांची संख्या बरोबर येते, क्रम चुकतो, आणि कोड पार्सही होतो. असले बग फार छळतात.

एका बाबतीत ती कडक आहे आणि ते मला आवडते. एखादा भाग बदलून झाल्यावर त्याच्या पोटात पुन्हा कापायला गेलात तर ती सरळ एरर फेकते: बदललेला तुकडा तोडता येत नाही, अमुक ओळ, अमुक कॉलम. पहिल्यांदा पाहिल्यावर राग येतो. पण याचा अर्थ इतकाच असतो की बाहेरचा आणि आतला असे दोन्ही नोड तुम्ही बदलायला घेतले आहेत. गुपचूप भलतेच काही छापण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे.

आता मराठीची गोष्ट, कारण इंग्रजी कोड लिहिणाऱ्यांना हे सहसा भेटतच नाही. जावास्क्रिप्टची स्ट्रिंग यूटीएफ-१६ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीच्या एककांत मोजली जाते आणि मॅजिक-स्ट्रिंग तीच मोजणी धरते. देवनागरीतली प्रत्येक खूण, मात्रा आणि हलन्त धरून, एक एकक. 'क्षी' म्हणजे चार एकके. यूटीएफ-८ मध्ये मात्र यातल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, म्हणजे 'क्षी' बारा बाइटांची. बेबलचा पार्सर किंवा एकॉर्न हा दुसरा पार्सर जागा एककांत देतात, तिथे प्रश्न येत नाही. पण वेग हवा म्हणून आम्ही रस्ट भाषेत लिहिलेला एक पार्सर लावून पाहिला, आणि त्याच्या जागा बाइटांत होत्या. 'जतन करा' ही मधली मोकळी जागा धरून सात एकके, पण एकोणीस बाइट. म्हणजे फाइलमध्ये ही एक स्ट्रिंग येऊन गेली की तिच्या पुढचे सगळे बाराने सरकले. दुसरी आली की आणखी. फक्त इंग्रजी असलेल्या फायली ठणठणीत, मराठी असलेल्या फायलींत कापाकापी भलत्याच जागी, तीही शेवटाकडे वाढत जाणारी. मॅजिक-स्ट्रिंग तक्रार करते ती जागा फाइलच्या बाहेर गेली तरच. आत असेपर्यंत सांगाल तिथे कापते. उपाय दोनच. पार्सर यूटीएफ-१६ च्या जागा देणारा घ्या, नाहीतर बाइटांवरून एककांवर नेणारा तक्ता फाइल वाचतानाच बनवून ठेवा. आम्ही बेबलच्या पार्सरवर परत आलो. कुठल्याही नव्या पार्सरची चाचणी करताना पहिल्याच ओळीत एक मराठी टिप्पणी टाकून पाहा, पाच मिनिटांत निकाल लागतो. इमोजी असतील तर तेही टाका, त्यांतल्या बहुतेकांना दोन किंवा जास्त एकके लागतात आणि मधोमध कापले तर नुसता कचरा उरतो.

सोर्स मॅपकडे वळू. हा आराखडा आवृत्ती ३ म्हणून २०११ पासून चालत आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक्मा-४२६ या नावाने रीतसर मानक झाला. आत एक जेसॉन असते आणि त्यात 'मॅपिंग्ज' नावाची लांबलचक स्ट्रिंग: नव्या फाइलमधली ओळ अर्धविरामाने तुटते, ओळीतले तुकडे स्वल्पविरामाने, आणि प्रत्येक तुकड्यात आधीच्या तुकड्यापासूनचे अंतर बेस-६४ मध्ये दाबून भरलेले. हे हाताने वाचायचा हट्ट करू नये. एसबिल्ड हे बिल्डचे साधन करणारे इव्हान वॉलेस यांचे सोर्स मॅप दाखवणारे पान आहे, त्यात दोन्ही फायली शेजारी टाकून माउस फिरवला की कुठले अक्षर कुठून आले ते उजळून दिसते. मॅप बरोबर आहे की नाही हे पाहायला मी आता दुसरे काही वापरत नाही.

मॅप बनवणाऱ्या 'जनरेटमॅप' मेथडला काहीच सांगितले नाही तर ती ढोबळ मॅप देते: ओळीची सुरुवात आणि बदललेल्या तुकड्यांच्या कडा, एवढ्याच खुणा. फाइल छोटी राहते आणि ब्राउझरमध्ये नुसते ओळीवर जायचे असेल तर पुरते. पण व्हीट आणि रोलअप सगळ्या प्लगइनचे मॅप एकावर एक रचून शेवटचा मॅप बनवतात. त्या साखळीत एकाने ढोबळ मॅप दिला की त्याच्या पुढे सगळेच ढोबळ. मिनिफाय केलेल्या, म्हणजे आकार कमी करायला दाबून बसवलेल्या, एका लांब ओळीतली एरर मग मूळ ओळीच्या पहिल्या अक्षराकडे बोट दाखवत बसते. म्हणून 'हायरेझ' हा बारीक खुणा ठेवण्याचा पर्याय चालू करा. आणि मॅप न देता नुसता बदललेला कोड परत केलात तर रोलअप मॅप चुकीचा असण्याची शक्यता आहे असा इशारा देतो. तो इशारा लॉगमध्ये वाहून जाऊ देऊ नका.

'हायरेझ' पूर्ण चालू केले की प्रत्येक एककाला एक खूण, मॅप फुगतो. मधला मार्ग म्हणून 'बाउंडरी' हा पर्याय आहे, जो शब्दागणिक एकच खूण ठेवतो. कल्पना छान आहे, पण गंमत पाहा: शब्द कुठला हे ओळखायला आत जो रेगेक्स आहे त्याला फक्त इंग्रजी अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर एवढेच शब्दात धरता येते. देवनागरीचे प्रत्येक एकक त्याच्या लेखी विरामचिन्हच, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र खूण. मॅप चुकत नाही, पण ज्या फायलींत मराठी टिप्पण्या भरपूर तिथे बचत फारशी होत नाही. तरीही आम्ही 'बाउंडरी'च ठेवले आहे, कारण मिनिफाय झाल्यावर टिप्पण्या जातात आणि शेवटच्या मॅपमधून त्या खुणाही गळतात.

बाकीचे पटकन सांगतो. 'हॅजचेंज्ड' विचारून काही बदललेच नसेल तर प्लगइनमधून काही परत करू नका, साखळीतला एक दुवा वाचतो. 'इंडेंट'ला वगळायच्या जागा देता येतात आणि द्याव्यातच, नाहीतर बॅकटिकमधल्या अनेक ओळींच्या स्ट्रिंगमध्येही मोकळ्या जागा घुसतात आणि ग्राहकाच्या पावतीवर दिसतात. 'रिप्लेस' मूळ मजकुरात शोधते, तुम्ही नुकत्याच घातलेल्या मजकुरात नाही. हे नीट लक्षात ठेवले तर उपयोगी, नाहीतर बुचकळ्यात टाकणारे. अनेक फायली एकत्र जोडणारा 'बंडल' क्लासही आहे. आम्हाला त्याची गरज पडली नाही. आणि कागदपत्रात उत्तर मिळाले नाही तर रिपॉझिटरीतल्या चाचण्या वाचा. डावे-उजवे मला नीट उमगले ते तिथेच.

एका मर्यादेवर मात्र उपाय नाही. जागा कायम मूळ मजकुरातल्या असल्यामुळे, तुम्ही स्वतः घातलेल्या कोडला जागाच नसते. त्यात पुन्हा काही बदलायचे तर आउटपुट घ्या, पुन्हा पार्स करा, नवी मॅजिक-स्ट्रिंग बनवा आणि दोन मॅप जोडा. एक फेरी, विखुरलेले छोटे बदल, बाकी फाइल जशीच्या तशी, असे काम असेल तर मी दुसरे काही शोधणार नाही. पण आमच्याकडे भाषांतरानंतर आणखी एक पायरी आहे, जिथे एका रूपांतराने बनवलेला कोड दुसरे रूपांतर उचलते आणि त्याचा परिणाम तिसरे. ती मॅजिक-स्ट्रिंगवर आणायचा प्रयत्न थोडे दिवस केला, आणि दर फेरीला नव्याने पार्स करून मॅप जोडण्यात जितका कोड लिहावा लागला तितका मूळ रूपांतरातही नव्हता. ती पायरी बेबलवर आहे आणि तिथेच राहील.