प्रोसेसर आधी की ग्राफिक्स कार्ड? २५ हजारांत जुना गेमिंग पीसी सुधारताना

इंदूरला लोकमान्यनगरात माझ्या ताईकडे कॉम्प्युटर एक आणि त्याचे दावेदार दोन. भाचा व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. भाची रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७ घेऊन तासन्‌तास बसते. ताईने २५ हजार बाजूला काढलेत आणि काय घ्यायचं ते माझ्यावर सोपवलंय. तुमच्याही घरी असा पाच-सहा वर्षांचा पीसी असेल, तर हा हिशेब तुम्हालाही लागू पडेल.

आत काय आहे ते आधी सांगतो. रायझन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, विंडोजपुरती साटा एसएसडी, बाकी सगळं हार्ड डिस्कवर, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) मॉनिटर आणि कॅबिनेटसोबत आलेला बिनब्रँडचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा.

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जायच्या आधी घरीच एक चाचणी करा, पैसा लागत नाही. गेमचं रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा आणि सेटिंग्ज खाली ओढा. एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) भराभर वाढले, तर दम ग्राफिक्स कार्डाला लागतोय. जागचे हलले नाहीत, तर प्रोसेसरला. आमच्याकडे रेड डेडमध्ये एफपीएस लगेच वाढले. व्हॅलोरंटमध्ये फरकच पडला नाही, कार्ड निम्म्या कामावर बसून होतं. सायबरपंकचं मात्र दोन्हीकडून अडलं. मोकळ्या रस्त्यावर कार्ड कमी पडतं, गेममधल्या बाजाराच्या गर्दीत प्रोसेसर.

म्हणजे वाटा दोन, आणि २५ हजारांत दोन्ही बसत नाहीत.

पहिली वाट आरएक्स ६६०० या ग्राफिक्स कार्डाची. ८ जीबी मेमरी आहे आणि १०८०पी साठी आजही पुरेसा दम आहे. भाचीचे गेम एकदम बदलून जातील. पण हे कार्ड १३२ वॅटचं. आत्ताचं १६५० हे ७५ वॅटचं, सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं, म्हणून तो एसएमपीएस इतकी वर्षं निभावला. नव्या कार्डाला वेगळी ८ पिनची केबल लागते. ती जुन्या एसएमपीएसला नसली की दुकानात जोड-केबल पुढे केली जाते. ती घेऊ नका, कळकळीने सांगतो. माझ्या पहिल्या पीसीचा असलाच एसएमपीएस एका रात्री गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. कार्डासोबत चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस धरा, तरच या वाटेचा खरा खर्च कळेल. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. हवा खेळणारं कॅबिनेट नसेल, तर त्या उष्णतेचाही विचार करा.

स्वस्त म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी सुचवलं जाईल. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन वापरतं, आणि बी४५० वर त्या तिसऱ्या, जुन्या आणि हळू पिढीच्या मिळतात. मेमरी ४ जीबीच, त्यामुळे ती भरली की गाडी अडखळते. या बोर्डासाठी ते घेऊ नये.

दुसरी वाट रायझन ५ ५६०० या प्रोसेसरची. चार कोअर-चार थ्रेडवरून (कोअर म्हणजे काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) थेट सहा कोअर-बारा थ्रेडवर. बोर्ड तोच, कूलर सोबत मिळतो, ६५ वॅटचा असल्याने वीजही जुन्याइतकीच. एक पथ्य आहे: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, म्हणजे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखेल. नंतर स्क्रीन काळी राहिली, तर अपडेट करायलाच जुना चिप परत बसवावा लागेल. रायझन ५ ५५०० थोडा स्वस्त पडतो, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० मध्ये ३२. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमला ही कॅश जाणवते, म्हणून परवडत असेल तर ५६०० च.

६० हर्ट्झच्या मॉनिटरवर जास्तीचे एफपीएस काय कामाचे, असं ताईने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण भाच्याची तक्रार सरासरीची नाही, ऐन झटापटीत बसणाऱ्या झटक्यांची आहे. ते झटके प्रोसेसर बदलला की जातात.

रॅमबद्दल मात्र दोन वाटा नाहीतच. एकाच स्टिकवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद असतो. दुसरी ८ जीबी घातली की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही रस्ते, सुरू होतं आणि १६ जीबीत दोघांचेही गेम मावतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तरी ही स्टिक टाळू नका, फार तर वापरलेली बघा. बसवल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका. मोठ्या एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, गेम लवकर उघडतो. सायबरपंक हार्ड डिस्कवर असेल तर घ्याच, एरवी थांबता येतं.

तुमच्या घरी फक्त रेड डेडसारखे गेम चालत असतील, तर कार्ड आणि एसएमपीएस आधी घ्या. आमच्या घरी मी ५६००, रॅमची दुसरी स्टिक आणि एसएमपीएस असं ठरवलंय. ३२००जी तसाच ठेवून ६६०० लावलं असतं, तर व्हॅलोरंटचे झटके राहिलेच असते आणि सायबरपंकच्या बाजारात ते कार्डही अडकलं असतं. एसएमपीएस आत्ताच बदलला की पुढे कार्ड आणून नुसतं बसवायचं. भाची जरा हिरमुसली. दिवाळीचे पैसे कार्डाचेच, असं ताईने तिला कबूल केलंय, आणि तोवर सायबरपंक बाजारात तरी अडखळणार नाही.