रहस्यकथेतून सोळा पानं गायब : 'द रेव्हन बॉइज', उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

पान २७२ नंतर पुन्हा २५७. तिथून २७२ पर्यंत तीच पानं दुसऱ्यांदा, आणि मग थेट २८९. म्हणजे सोळा पानांचा एक फर्मा (एकाच कागदाच्या घडीतली पानं) दोनदा लावलाय आणि त्याच्या पुढचा लावलेलाच नाही. पाककृतींच्या पुस्तकात असं झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण ही रहस्यकथा आहे, आणि गेलेली सोळा पानं नेमकी ती, ज्यांत प्रेत सापडतं.

खाली सगळं रहस्य फोडून लिहिलंय. मॅगी स्टीफव्हॉटरची ही मालिका ज्यांना कोरी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. बाकीच्यांना कथा ठाऊकच असेल : व्हर्जिनियातलं हेन्रिएटा नावाचं काल्पनिक गाव, भविष्य सांगणाऱ्या बायकांच्या घरातली सोळा वर्षांची ब्लू, तिने खऱ्या प्रेमाच्या माणसाचं चुंबन घेतलं तर तो मरेल हे लहानपणापासून ऐकलेलं भाकीत, आणि श्रीमंत मुलांच्या शाळेतले चौघे मित्र, जे वेल्सच्या ओवेन ग्लेनडावर राजाला शोधत हिंडतायत. पुस्तक २०१२ चं. पुढचे तीन भाग २०१३, २०१४ आणि २०१६ मध्ये आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीसाठी मागवलं. नागपुरात बर्डीवर दुकानात विचारलं होतं, तिथे छापील किमतीवर थोडी सूट. ऑनलाइन त्याच्या निम्म्याहून कमी. एका पगारावर चालणाऱ्या घरात निर्णय तिथेच होतो. पार्सल वेळेवर आलं, कव्हर चकचकीत, आतला कागद मात्र पातळ आणि मळकट. नवतपा सुरू होता, बाहेर पाय टाकवत नव्हता. पोरगी दिवसभर कूलरसमोर चटईवर पुस्तक घेऊन पडलेली. आठवडा उलटून गेल्यावर एका दुपारी आवाज आला, "आई, हे काय होऊन राहिलं? हे तर मी वाचलं होतं ना!"

परत करायची मुदत सात दिवस, ती संपलेली. तरी तक्रार केली. चॅटवर कारणांची यादी येते : चुकीची वस्तू, फाटलेली वस्तू, रिकामा डबा. 'पानं नाहीत' असं कारण यादीत नाही. 'फाटलेली' निवडलं तर फोटो मागितला. जी पानं आलीच नाहीत त्यांचा फोटो कसा काढायचा? शेवटी डावीकडे २७२ आणि उजवीकडे २८९ दिसेल असं पुस्तक उघडून फोटो पाठवला. उत्तर आलं, पुस्तक सुस्थितीत दिसत आहे. मग फोन केला. फोनवरच्या मुलीने शांतपणे विचारलं, "मॅडम, वेबसाइटवर जेवढी पानं लिहिली आहेत तेवढी भरतात का?" भरतात! सोळा गेली आणि सोळा दुप्पट आली, एकूण तेवढीच. तिच्या दृष्टीने तक्रार तिथेच मिटली. विक्रेत्याने नंतर त्याच्याच दुकानात वापरायचं कूपन देऊ केलं, ते मी घेतलं नाही. रक्कम दोनशेच्या आतली आहे, पण मी पैसे पूर्ण कथेचे दिले होते.

महालात आमच्या ओळखीचे एक बाइंडर आहेत, त्यांना पुस्तक दाखवलं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं : मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ पानं छापतात, घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा. मग फर्म्यांच्या थप्प्या ओळीने मांडून प्रत्येकीतून एकेक उचलत जातात. एकाच थप्पीतून दोनदा हात गेला आणि पुढची थप्पी सुटली, की हे असं होतं. चांगल्या ठिकाणी बांधणीच्या आधी ताडून बघतात. कव्हरवरच्या बारीक अक्षरांच्या कडा पसरल्या होत्या, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "वहिनी, हे मूळ प्रकाशकाचं नाही वाटत. कोणीतरी छापून विकून राहिलं." निम्म्या किमतीचं कारण तिथे कळलं.

इथून पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ह्या गळलेल्या फर्म्यामुळेच मी हे पुस्तक वाचलं. नाहीतर किशोरवयीन प्रेम आणि भुतं ह्या कपाटाकडे मी वळले नसते. लेक २८९ वर पोचली तेव्हा सगळी पात्रं चौघांपैकी नोआबद्दल असं बोलत होती की जणू तो मेलेला आहे. तो तर थोड्या पानांआधी त्यांच्यासोबत होता. "कधी मेला? कोणी मारला?" ती अक्षरशः चिडली होती. मी म्हटलं, पानं मिळत नाहीत तर मागची पानं परत वाचू या. मग मी पहिल्या पानापासून सुरुवात केली.

आणि सगळं तिथे होतं. नोआचा हात थंड लागतो. पिझ्झाच्या दुकानात सगळे खातात, तो खात नाही. त्याच्या गालावर एक डाग आहे, तो कधीच जात नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तो स्वतः सुरुवातीलाच तोंडाने सांगतो की मला मरून सात वर्षं झाली. थंड हातांवरून निघालेल्या बोलण्यात सांगतो, म्हणून ऐकणारे गंमत समजतात आणि वाचणाराही पुढे जातो. लेखिकेने काहीही लपवलेलं नाही. उत्तर पहिल्या शंभर पानांत सरळ वाक्यात ठेवलंय.

दुसरा धागा तर मला त्याहून आवडला. खुनी कोण, हे ह्या कादंबरीत रहस्यच नाही. लॅटिन शिकवणारा मास्तर व्हेल्क, त्याच्या डोक्यातली प्रकरणं आपल्याला आधीपासून वाचायला मिळतात. सात वर्षांपूर्वी आपल्याच मित्राचा बळी दिला, हे त्याच्या आठवणींतून उलगडत जातं. पण तो त्या मित्राला आडनावाने आठवतो, झर्नी म्हणून. इकडे पोरं नोआला फक्त नोआ म्हणतात. नाव एका प्रकरणात, आडनाव दुसऱ्या प्रकरणात, आणि दोन्ही एका माणसाचं आहे हे गायब पानांतल्या पाकिटातलं लायसन्स सांगतं. खुनी उघडा आणि मेलेला माणूस लपवलेला, तोही आपल्यासमोर बसवून. रहस्यकथा मी खूप वाचल्या आहेत, अशी मांडणी फार कमी वेळा पाहिली.

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. संध्याकाळी भाजी निवडताना लेक त्यांना कथा सांगत होती. नोआ जेवत नाही, हात थंड, वर्गात दिसत नाही, एवढ्यावर त्या म्हणाल्या, "मुंजा हाय तो पोट्टा. मेला तिथंच कुठंतरी गाडला असन." बरोबर! लग्नाआधी गेलेला मुलगा, आपली जागा न सोडणारा, कोणाला त्रास न देणारा. पुढे त्या केब्सवॉटरच्या जंगलाचं आलं, जिथे काळ मागेपुढे होतो आणि झाडं लॅटिन बोलतात. "चकवा," असं म्हणून त्या मेथीकडे वळल्या. व्हर्जिनियातलं भूत आमच्या घरात इतक्या सहज ओळखलं जाईल असं मला वाटलं नव्हतं, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

आता प्रेमाबद्दल. जून-जुलैत मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की ह्या बाबतीत फसवणूक आहे. मागच्या कव्हरवर चुंबन आणि मृत्यू, आणि अख्ख्या पहिल्या भागात ब्लू कोणाचंही चुंबन घेत नाही. सेंट मार्कच्या आदल्या रात्री, म्हणजे २४ एप्रिलला, पडक्या चर्चपाशी ती वर्षभरात मरणाऱ्यांच्या आत्म्यांची नावं टिपायला मावशीसोबत बसते, आणि एरवी आत्मे न दिसणाऱ्या तिला चौघांपैकी गॅन्सी दिसतो. अर्थ दोनच : तो तिचं खरं प्रेम, नाहीतर ती त्याला मारणार. एवढी मोठी ठिणगी टाकल्यावर तिचं मन जातं चौघांतल्याच अ‍ॅडमकडे, आणि तिथेही हात धरण्यापलीकडे काही नाही. लेकीच्या मैत्रिणींना हे कंटाळवाणं वाटलं. पुस्तक बऱ्याच जणींच्या हातून फिरलं, दोघींनी अर्ध्यावर परत दिलं.

माझं मत पावसाळ्यात बदललं, ते दुसऱ्या वाचनात. ब्लू आणि गॅन्सीची पहिली भेट बघा. ती पिझ्झाच्या दुकानात वाढप्याचं काम करतेय, आणि गॅन्सी तिला म्हणतो की तू टेबलावर येऊन माझ्या मित्राशी बोल, तुझी तेवढ्या वेळची कमाई मी देतो. त्याच्या मनात काही वाईट नाही. पण ज्याने पैसा कधी मोजला नाही त्याच्या तोंडून वाक्य कसं निघतं आणि मोजणाऱ्याला ते कुठे लागतं, हे तिथे दिसतं. ती भडकते आणि मला ती तिथेच आवडली. ह्या प्रेमकथेत भाकितापेक्षा मोठी भिंत पैशाची आहे.

अ‍ॅडमबाबतही तेच. शिष्यवृत्तीवर शिकणारा, ट्रेलरमध्ये राहणारा, बापाचा मार खाणारा मुलगा, मित्राच्या घरी राहायला जायला तयार नाही, कारण ते त्याला उपकार वाटतात. शेवटच्या मारहाणीत त्याचा डावा कान जातो. त्या रात्री बापाविरुद्ध तक्रार नोंदवतो, ते प्रकरण मी एका दमात वाचलं आणि नंतर बराच वेळ काही सुचलं नाही. आई म्हणून सांगते, ह्या वयाच्या मुलांना भुताचं पुस्तक नको म्हणणाऱ्यांनी आधी हे प्रकरण वाचावं.

कमी कुठे पडतं तेही सांगते. ग्लेनडावर खराखुरा माणूस. १४०० मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, शेवटपर्यंत सापडला नाही, कबरही कोणाला ठाऊक नाही. एवढा कसदार इतिहास हाताशी असताना पहिल्या भागात तो गॅन्सीच्या वहीपुरता उरतो. ज्या ले-रेषेवर, म्हणजे प्राचीन ठिकाणांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर, सगळी जादू टांगली आहे ती कल्पना आल्फ्रेड वॉटकिन्सने १९२१ मध्ये मांडली, पण त्याच्या मते त्या फक्त जुन्या सरळ वाटा होत्या. त्यांत गूढ शक्ती नंतरच्या लोकांनी घातली. गॅन्सीसारख्या अभ्यासू पोराने ह्यावर दोन शब्द बोलायला हवे होते. मधली काही प्रकरणंही रेंगाळतात.

गणपतीनंतर अस्सल प्रत घेतली, बर्डीवरूनच, जवळपास पूर्ण किमतीला. दुकानात उभ्या उभ्या २७२ च्या पुढचं पान उघडून पाहिलं, २७३ होतं. घरी येताना मेट्रोत मी ती सोळा पानं वाचून काढली, लोकमान्य नगर आलेलं कळलं नाही. हाडं, शाळेच्या गणवेशाचे अवशेष, पाकीट, लायसन्सवरचं नाव. आम्ही लावलेलं सगळं बरोबर होतं. फक्त एक गोष्ट अंदाजाने कळण्यासारखी नव्हती : हे सापडतं तेव्हा गॅन्सीजवळ ब्लू असते. सगळ्या गटाला नाही, ह्या दोघांनाच ते सापडतं. गॅन्सीची ऐट पहिल्यांदा गळून पडते ती तिच्यासमोर. म्हणजे ज्या फर्म्यात प्रेत होतं त्याच फर्म्यात प्रेमही होतं, आणि लेकीच्या मैत्रिणींनी ती पानं न वाचताच प्रेम नाही म्हणून पुस्तक परत केलं होतं. दोघींना अस्सल प्रत वाचायला दिली. एकीने दुसरा भाग मागवलाय.

शेवटाबद्दल घरात अजून वाद चालू आहे. पोरं नोआची पुरलेली हाडं उकरून ले-रेषेवर नेऊन पुरतात, म्हणजे तो परत यावा. लेकीला ते मैत्रीचं टोक वाटतं. सासूबाईंचं म्हणणं, मुंजाला मोकळं करावं, बांधून ठेवू नये. मी लेकीच्या बाजूने आहे, कारण नोआला कोणी बांधलेलं नाही, त्याला त्यांच्यातच राहायचं आहे. पण ब्लूची मावशी नीव्ह, माळ्यावर समोरासमोर आरसे लावून बसणारी, बळी देण्याच्या ऐन विधीतून नाहीशी होते आणि पहिला भाग तिचं काय झालं ते न सांगता संपतो, ह्यावर आम्हा तिघींचंही एकमत आहे की हे बरोबर केलं नाही. कोणी पुढचे भाग वाचले असतील तर तिचं काय झालं तेवढं कळवू नका, दिवाळीच्या सुट्टीत वाचायचं आहे.